एका डब्यावर अख्खी वाडी

वायरीच्या जोडात पाणी शिरलं की टीव्हीवर मुंग्या येतात. पण सगळ्या मुंग्या सारख्या नसतात. बारीक आणि चारही कोपऱ्यांत सारख्या पसरलेल्या असतील तर लांबचा ॲम्प्लिफायर दमलाय. आडव्या पट्ट्या वर सरकत असतील तर विजेच्या लाईनीचा त्रास. माणसाच्या मागे त्याच माणसाची सावली दिसली तर कुठेतरी जोड सैल. हे मला कुणी शिकवलं नाही. माझी शाळा चौथीत सुटली. पण पंचवीस-सव्वीस वर्षं मी आमच्या वाडीत आणि शेजारच्या दोन वाड्यांत केबल चालवली. गिऱ्हाईकाने फोनवर मुंग्यांचं वर्णन केलं, की कुठल्या झाडावरचा जोड उघडायचा ते मी खुर्चीतून न उठता सांगत असे. दिवाळी अंक काढणारे मास्तर म्हणाले, धंद्यातलं काहीतरी लिहा. मी म्हटलं लिहितो, शुद्धलेखन तुम्ही बघा, मजकुराला हात लावू नका.

ज्यांनी टीव्ही फक्त समोरून बघितला त्यांच्यासाठी थोडं सांगतो. माझ्या घरामागे चिऱ्याची एक खोली होती, तिला कंट्रोल रूम म्हणायचं. छपरावर मोठ्या थाळ्या. आत प्रत्येक चॅनलला एक रिसीव्हर आणि एक मॉड्युलेटर. रिसीव्हर आकाशातून चॅनल पकडतो, मॉड्युलेटर त्याला वायरीत बसायला जागा देतो. अशी सगळी चॅनलं एका काळ्या वायरीत सोडायची आणि ती वायर आंब्यावरून फणसावर, फणसावरून बांबूवर करत घराघरात न्यायची. घरात टीव्ही कसला आहे, नवा की जुना, याच्याशी वायरीला देणंघेणं नसे. मागे खोचली की चित्र आलं. कुणी एका वायरीवर दोन टीव्ही लावले तरी मी बघून न बघितल्यासारखं करायचो.

कुठलं चॅनल कितव्या नंबरावर हे मी ठरवायचो. बातम्या तीनवर, मालिका पाचवर, भजन-कीर्तन अकरावर. नवी सून वाडीत आली की सासू तिला नळाच्या वेळेबरोबर माझे नंबर सांगायची.

गिऱ्हाईकंही एकेक. एका म्हातारीचा फोन यायचा, "शांताराम, बातम्या देणारी बाई आज हिरवी का दिसते रे?"

"काकी, तुमच्या टीव्हीचं रंगाचं बटन फिरलंय."

"मग ती आजारी नाय ना?"

दुसऱ्या एकाने सख्ख्या भावाच्या अंगणावरून येणारी वायर घ्यायला नकार दिला. चित्र भावाकडून आल्यासारखं वाटेल म्हणाला. मी कातळाला वळसा घालून वायर नेली आणि एक ॲम्प्लिफायर जास्तीचा बसवला. वायर पोचल्यावर म्हणतो कसा, "आता बघ, ह्या चित्राला कसा स्वाभिमान हाय." मला ते पटलं. मीही त्याच मातीतला.

मग डिजिटल आलं.

चिपळूणला केबल कंपनीच्या माणसाने आम्हा केबलवाल्यांना एका हॉलमध्ये बसवून सांगितलं, आता वायरीतून चित्र जाणार नाही, आकडे जाणार. आकड्यांचं परत चित्र करायला प्रत्येक टीव्हीला एक डबा. डबा नसेल तर टीव्ही नुसती काचेची पेटी. मुंग्या कायमच्या गेल्या. चित्र आलं तर आरशासारखं, नाहीतर चौकोन चौकोन होऊन जागच्या जागी थिजणार, नाहीतर काहीच नाही. मी उठून विचारलं, "थोडं थोडं दिसणार नाही का?" तो म्हणाला, "काका, डिजिटलमध्ये थोडं थोडं असं काही नसतं." सगळे हसले. मी छत्री उचलली आणि घरी आलो.

जुनी पद्धत बंद करायची सरकारची तारीख एकदा पुढे गेली. पुन्हा पुढे गेली. शेजारच्या गावांतले केबलवाले कंपनीची काचेची वायर, म्हणजे फायबर, आपल्या खोलीत घेऊन डबे वाटायला लागले. मी म्हटलं, तारखा अशाच जाणार. खरं सांगायचं तर डब्याचा फॉर्म, त्याचं कॉम्प्युटरवर नाव चढवणं, हे मला येत नव्हतं, आणि येत नाही हे कुणाला कळायला नको होतं.

त्याच सुमाराला आमची गावकी भरली. गावकी म्हणजे वाडीची बैठक. देवाच्या पालखीची जागा असते, सहाण, तिथे भरते. रस्ता, पाणी, सण, भांडण, सगळं तिथे. कुणीतरी डब्यांचा विषय काढला. लोक घाबरले होते. आमच्याकडे घराघरात म्हातारी माणसं, मुलं मुंबईला. दोन दोन रिमोट कोण चालवणार? मी उठलो, सहाणेवर नारळ ठेवला आणि म्हणालो, "माझी वायर हाय तोवर ह्या वाडीत कुणाला डबा घ्यायला लागणार नाय."

नारळ ठेवून दिलेला शब्द आमच्याकडे एकट्याचा राहत नाही. वाडीने तो घेतला, की वाडीही त्यावर चालते. कुणी डबा घेतला नाही. कुणी घरावर ती लहान छत्री, म्हणजे कंपन्यांची आयती थाळी, लावली नाही. लावणं म्हणजे माझा शब्द खोटा म्हणणं.

आता दत्तारामाबद्दल सांगायला हवं. दत्ताराम माझ्या बरोबरीचा. पहिली वायर आम्ही दोघांनी ओढली, तो झाडावर आणि मी खाली. त्याच्यासारखा कबड्डीपटू आमच्या पंचक्रोशीत झाला नाही. चढाईला गेला की कुणाला तरी हात लावूनच परत. त्या गावकीच्या दोन वर्षं आधी त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. ओटीवरच्या खाटेवर पडून असायचा. समोर टीव्ही, माझी वायर.

त्याचा मुलगा संदेश मुंबईला जिथे कामाला होता त्या कंपनीकडून कबड्डी खेळायचा. बापाने अंगणात रेघ मारून शिकवलेला. त्या वर्षी तो टीव्हीवर दाखवतात त्या सामन्यांच्या संघात राखीव म्हणून निवडला गेला. वाडीत पेढे वाटले. संदेशने घरी पैसे पाठवले आणि आईला सांगितलं, केबलचं काही खरं नाही, घरावर छत्री लावून घे, बाबांना सामना दिसला पाहिजे.

वहिनी माझ्याकडे विचारायला आल्या. हातात पदराचं टोक. "भावोजी, पोरगा म्हणतोय छत्री लाव. लावू काय?"

मला राग आला. दत्तारामाच्या घरावर छत्री! मी म्हणालो, "लावा की. वायर मी आजच काढून घेतो."

"तसं नाय हो भावोजी..."

"सामना दिसेल. मी सांगतोय ना."

वहिनी गेल्या. छत्री लागली नाही. ते पैसे त्यांनी दत्तारामाच्या मालिशवाल्याला दिले.

श्रावणात एका सकाळी कंट्रोल रूममध्ये गेलो तर सगळे रिसीव्हर लाल दिवा लावून बसलेले. सरकारी चॅनलं तेवढी चालू. बाकी वरूनच बंद केलेलं. त्या वेळी तारीख पुढे गेली नव्हती. चिपळूणला फोन केला. कंपनीचा माणूस म्हणाला, "काका, वर्षभर सांगत होतो. आता वायर तुमच्यापर्यंत आणायला महिना जाईल."

संदेशचा सामना चार दिवसांवर होता.

पहिल्या दिवशी फोन आले. दुसऱ्या दिवशी फोन यायचे बंद झाले, तेव्हा मला जास्त वाईट वाटलं. दुकानात गेलो की बोलणं थांबायचं. वहिनी रस्त्यात भेटल्या. नुसतं विचारलं, "जेवलात काय भावोजी?" त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी मी सावर्ड्याला गेलो आणि ज्या दुकानासमोरून मी मान वळवून जायचो, त्याच दुकानातून एक छत्री आणि एक डबा घेतला. दुकानदाराने नाव विचारलं. मी बायकोचं सांगितलं.

इथे वाचणारा म्हणेल, मग ती छत्री सरळ दत्तारामाच्या घरावर लाव ना. बरोबर आहे. तासाभराचं काम होतं. माझ्या बायकोनेही हेच सांगितलं. पण मी ती गोणपाटात गुंडाळून मागच्या दाराने कंट्रोल रूममध्ये नेली. शब्द वाडीला दिला होता, एका घराला नाही, असं मी बायकोला म्हणालो. खरं म्हणजे दत्तारामाच्या घरी चित्र यायचं तर माझ्या वायरीतून यायला हवं होतं. मी ते दत्तारामासाठी केलं की माझ्यासाठी केलं, याचा हिशेब मला अजून लागलेला नाही.

केलं ते असं. छत्रीचा डबा एका टीव्हीसाठी असतो. पण त्याच्या मागून निघणारी चित्राची आणि आवाजाची वायर मी टीव्हीत न घालता माझ्या जुन्या मॉड्युलेटरमध्ये घातली आणि तिथून लाईनीत सोडली. म्हणजे एका डब्यावर अख्खी वाडी. डब्यावर जे लागेल ते सगळ्यांच्या घरी दिसणार. हे नियमात बसत नाही. मला तेव्हाही ठाऊक होतं. एका संध्याकाळपुरतं करायचं होतं.

सामन्याच्या दिवशी दुपारी लाईन सोडली. पाच मिनिटांत सगळ्या वाडीत आरडाओरडा, आलं आलं आलं! माझे फोन परत सुरू झाले. मी सगळ्यांना सांगितलं, आज एकच चॅनल, कबड्डीचं, ज्याला बघायचंय त्याने बघा.

दिवेलागणीला सामना सुरू झाला. पाऊस भुरभुरत होता. संदेश बाहेरच्या बाकावर बसलेला, मधूनच त्याचा अर्धा खांदा दिसायचा, की वाडीत ओरड. मी कंट्रोल रूममधल्या लहान टीव्हीवर बघत होतो. मध्यंतराच्या आधी वहिनींचा फोन आला. "भावोजी, सावल्या दिसायला लागल्या. माणसांच्या मागे माणसं. आता तर मधूनच जातंय."

सावली म्हणजे सैल जोड. फक्त त्यांच्याच बाजूला असेल तर ओढ्याकाठच्या फणसाचा. मी रिमोट बायकोच्या हातात दिला. "काय दाबू नको."

"मी कशाला दाबतेय."

पुढचं मी नंतर ऐकलं. मी निघाल्यावर पाच मिनिटांनी खालच्या आळीतून तिला फोन आला. "काकी, मध्यंतर हाय ना, जरा मालिका लावा. दोनच मिनिटं. तिला आज माहेरी पाठवणार होते."

बायको म्हणाली, "गेली असेल माहेरी. गप बसा."

मी फणसाला शिडी लावली. जोड उघडला तर आतलं तांबं हिरवं झालेलं. टोक तोडून नवा जोड करावा म्हटलं तर वायर आखूड पडली, पावसाने फांदी खाली ओढलेली. हातभर वायरीचा तुकडा आणायला परत खोलीवर जायचं म्हणजे अर्धा सामना जाणार. या वायरीत शॉक बसेल असा करंट नसतो. मी दोन्ही टोकं ओढून चिमटीत धरली, एकावर एक दाबली आणि खाली ओरडलो, "वहिनी, दिसतं काय?"

दत्तारामाचं घर ओढ्यापलीकडे, हाकेच्या अंतरावर. ओटीवरून आवाज आला, "आलं! स्वच्छ नाय, पण आलं!"

"ओळखू येतात काय माणसं?"

"येतात!"

मग मी हललो नाही. जुन्या केबलला माणसाची बोटंसुद्धा चालत. शिडीवर एक पाय, फांदीवर एक पाय, पाठीवर पाऊस, चिमटीत वायर. बोटं थोडी ढिली झाली की ओटीवरून ओरड व्हायची आणि मी परत दाबायचो. किती वेळ गेला सांगता येणार नाही. हाताला मुंग्या आल्या, मग हात कुणाचा तेच कळेना.

एकदम साऱ्या वाडीतून आवाज उठला. वरच्या आळीतून, खालच्या आळीतून, ओढ्यापलीकडून, एकाच वेळी. संदेशला मैदानात घेतलं होतं. मला दिसत काही नव्हतं. मी फक्त ऐकत होतो. सगळे गप्प झाले, म्हणजे तो चढाईला गेला. मग असा ओरडा झाला की फणसावरचे बगळे उडाले. गुण मिळाला. थोड्या वेळाने पुन्हा सगळे गप्प, आणि या वेळी नुसताच एक लांब सुस्कारा आला, घराघरातून. पकडला त्याला.

सामना संपेपर्यंत मी वर होतो. उतरल्यावर वहिनी कंदील घेऊन ओढ्यापर्यंत आल्या होत्या. रडत होत्या आणि हसत होत्या.

"दोन चढाया केल्यान. एक गुण घेतलान."

"दत्ताराम काय म्हणाला?"

"म्हणाले, दुसऱ्या वेळी परतताना पाठ दाखवलीस. कितीदा सांगितलं होतं." मग डोळे पुसून म्हणाल्या, "झटका आल्यापासून एवढं लांब वाक्य पयल्यांदा बोलले, भावोजी."

पुढच्या सामन्याआधी सरावातच संदेशचा गुडघा गेला. त्या मोसमात तो परत उतरला नाही, आणि पुढे त्याला कुणी घेतलंही नाही. टीव्हीवर खेळला तो तेवढाच. म्हणजे त्या संध्याकाळी माझी बोटं घसरली असती, तर दत्तारामाला मुलगा खेळताना दिसलाच नसता. छत्री वेळेवर लागली असती, तर आरशासारखा दिसला असता. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही मला झोपू देत नाहीत.

लोक मला शाबासकी द्यायला आले. मी घेतली नाही. दुसऱ्या दिवशी डब्याची वायर काढली, छत्री उतरवली आणि तात्या गावकरांकडे जाऊन गावकी भरवायला सांगितली. तात्या आमच्या वाडीचे कारभारी, वयाने माझ्याहून दहा वर्षांनी मोठे.

"कशाला? झालं की सगळं गोड."

"शब्द मोडलाय. मोडला म्हणून सांगायला नको?"

आमच्याकडे शब्द दिला तिथेच मागे घ्यावा लागतो. दुसरा नारळ ठेवायचा आणि सगळ्यांदेखत बोलायचं. आयुष्यात मी कुणाची माफी मागितली नव्हती. बायकोची नाही, बापाची नाही. सहाणेसमोर जाऊन मी दुसरा नारळ ठेवला.

तात्यांनी विचारलं, "शब्द मोडला काय?"

"मोडला."

"कुणी?"

"मी. सरकारने नाय, कंपनीने नाय. मला ते नवीन काम येत नव्हतं म्हणून मी तुमाला थांबवून ठेवलं. ज्याला डबा घ्यायचाय त्याने घ्या, ज्याला छत्री लावायचीय त्याने लावा. माझ्याकडून मोकळे."

मग बायकांच्या बाजूने वहिनी उठल्या. आमच्या गावकीत बायका सहसा बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, "हे म्हणाले, पयला डबा आमच्या घरात लावायचा. आणि लावायला शांतारामने सोता यायचं, दुसऱ्या कुणाला पाठवायचं नाय."

तात्यांनी नारळ फोडला.

महिन्याने कंपनीची काचेची वायर आली. माझ्या थाळ्या उतरल्या, मॉड्युलेटर गोणीत गेले. निम्म्या घरांनी डबे घेतले, निम्म्यांनी छत्र्या लावल्या. ज्यांच्याकडे जुने टीव्ही होते त्यांना डब्याच्या तीन पिना खोचायला मागे भोकच नव्हतं, त्यांनी टीव्ही टाकून दिले. दुसरा टीव्ही होता तिथे दुसऱ्या डब्याचा प्रश्न, म्हणून सासू आणि सून परत एका खोलीत बसायला लागल्या, आणि त्यातून जे व्हायचं ते झालं. ती हिरव्या बाईची चौकशी करणारी म्हातारी रिमोटला घाबरून रेडिओ ऐकायला लागली. चित्र मात्र झकास झालं. खोटं कशाला बोलू? नाचणाऱ्याच्या कपाळावरचा घाम दिसायला लागला.

पहिला डबा मी दत्तारामाकडे लावला. पिना खोचल्या, वीज दिली, हिरवा दिवा लागला. पडद्यावर आकडेच आकडे, नावंच नावं, बरीचशी इंग्रजी. मी रिमोट पुसला आणि त्याच्या डाव्या हातात दिला.

तो बटणांकडे बघत राहिला. मग जड जिभेने, एकेक शब्द ओढत म्हणाला, "शांत्या... कबड्डी... कितीवर?"

इतकी वर्षं या वाडीत टीव्हीतलं कुणी काही विचारलं आणि मी उत्तर दिलं नाही असं झालं नव्हतं. मी खाटेच्या कडेला बसलो.

"मला नाय ठाऊक, दत्ताराम."

त्याने माझ्याकडे बघितलं. त्याचं तोंड डाव्या बाजूने हसलं. सरकून त्याने खाटेवर मला नीट बसायला जागा केली, रिमोट आमच्या दोघांच्या मध्ये ठेवला आणि म्हणाला, "एकापासून... धर."